सहा लिटरचा साधा गॅस गीझर: परीक्षण आणि काटकसरीने वापरायची रीत

आधी आमचा कौल. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा, दोन सेलवर पेटणारा साधा गॅस गीझर घ्यावा, पण तीन अटींवर. तो न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत टांगायला जागा हवी, टाकीचं पाणी पुरेशा दाबाने यायला हवं आणि गीझरपासून शॉवरपर्यंतची नळी लांबलचक नको. दुसरी आणि तिसरी अट थोडीफार सैल करता येते. पहिली अजिबात नाही.

दुकानात सगळ्यात जास्त गैरसमज ‘६ लिटर’ या आकड्याचा होतो. हे टाकीचं माप नाही, कारण या गीझरला टाकीच नसते. मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवण्याची ताकद, एवढाच त्याचा अर्थ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. त्या हिशेबाने हा गीझर पाण्याला मिनिटाला ६३० किलोज्यूल, म्हणजे साडेदहा किलोवॅट उष्णता देतो. ३ किलोवॅटचा विजेचा इन्स्टंट गीझर याच्या एक तृतीयांशही देत नाही. म्हणूनच गॅस गीझरवर शॉवर चालतो आणि तसल्या विजेच्या गीझरवर बारीक धार मिळते.

याच आकड्यातून गीझरची मर्यादाही कळते. नळाचं पाणी १५ अंशांवर असेल तर पूर्ण प्रवाहात ४० अंशांचं पाणी मिळेल आणि आंघोळ छान होईल. थंडीत नळालाच १० अंशांचं पाणी आलं तर गाडी ३५ वर अडते. तेव्हा प्रवाह ४ लिटरवर आणला की तेच पाणी ४७ अंशांपर्यंत जातं. ‘हिवाळ्यात गीझर नीट तापवत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

गॅस किती जळतो? चांगल्या स्थितीतल्या साध्या गीझरची कार्यक्षमता ८० ते ८५ टक्के धरावी. एक किलो एलपीजीत सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता असते, म्हणजे पूर्ण ज्योतीवर तासाला जवळपास १ किलो गॅस. रोजच्या मापात सांगायचं तर २२ अंशांचं पाणी ४० वर नेऊन १५ लिटरची बादली भरायला साधारण ३० ग्रॅम लागतात. त्याच पाण्यात शॉवरखाली ८ मिनिटं उभं राहिलं तर ९५ ग्रॅमच्या आसपास. शॉवरची एक आंघोळ म्हणजे तीन बादल्यांचा गॅस. काटकसर करायची असेल तर नवा महागडा गीझर शोधण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

आत नेमकं काय घडतं

झाकण काढलं की तळाशी पितळेचा किंवा प्लास्टिकचा एक गोल डबा दिसतो. ही पाण्याची झडप, आणि गीझरचा सगळा कारभार हिच्यावर चालतो. डब्यात मधोमध रबरी पडदा असतो, मेकॅनिक त्याला डायफ्राम म्हणतात. पडद्याच्या एका बाजूला येणाऱ्या पाण्याचा दाब असतो. दुसरी बाजू नळीच्या अरुंद गळ्याला जोडलेली असते. नळ बंद असताना दोन्हीकडे दाब सारखा. नळ उघडला की गळ्यातून पाणी वेगाने जातं, तिथला दाब उतरतो, पडदा त्या बाजूला फुगतो आणि पितळी पिन बाहेर ढकलतो. पिन मायक्रोस्विच सोडते, कंट्रोल मॉड्यूलला इशारा मिळतो, ठिणग्या पडतात, सोलेनॉइड म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारी गॅसची झडप उघडून गॅस येतो आणि बर्नर पेटतो. ज्योतीत बुडालेली दुसरी तार ‘ज्योत आहे’ एवढं सांगत राहते. तिचा इशारा काही सेकंदांत आला नाही तर गॅस आपोआप बंद होतो. एवढं सगळं दीड-दीड व्होल्टच्या दोन मोठ्या सेलवर चालतं, त्यामुळे वीज गेली तरी आंघोळ थांबत नाही. आमच्या मते या साध्या गीझरचा सगळ्यात मोठा गुण हाच.

पडदा हलण्यासाठी मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास प्रवाह लागतो, काही मॉडेलांना थोडा जास्त. दाबात सांगायचं तर ०.२ ते ०.३ बार. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे १ बार, म्हणजे टाकीचा तळ गीझरपेक्षा निदान २-३ मीटर वर हवा. नळीतल्या कोपऱ्यांमध्ये आणि कॉकमध्ये काही दाब खर्च होतो, तो वेगळा. टाकीच्या लगेच खाली असलेल्या मजल्यावर गीझर पेटत नाही, त्याचं कारण हेच. तिथे गीझर बदलून उपयोग नाही, छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो. त्याआधी गीझरच्या इनलेटमधली जाळी काढून धुवावी आणि शॉवरची बुजलेली भोकं मोकळी करावीत. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं.

थंड पाणी मिसळू नये

सगळ्यात जास्त गॅस इथे वाया जातो आणि सगळ्यात जास्त तक्रारीही इथेच जन्मतात. सवय अशी की गॅसची कळ शेवटपर्यंत फिरवून ठेवायची, पाणी कडकडीत करायचं आणि मग मिक्सरमध्ये थंड पाणी घालून सोसवेल इतकं कोमट करायचं. टाकीच्या गीझरला हे चालतं, इन्स्टंट गीझरला चालत नाही. मिक्सरमध्ये थंड बाजू उघडली की शॉवरमधून जाणाऱ्या पाण्यातला वाटा थंड पाणी घेतं आणि तेवढाच गीझरमधला प्रवाह घटतो. थंड बाजूचा दाब नेहमीच जास्त असतो, कारण त्या पाण्याला गीझरच्या अरुंद नळ्यांतून जावं लागत नाही. प्रवाह घटला की उरलेलं पाणी आणखी तापतं, म्हणून माणूस अजून थंड पाणी सोडतो. शेवटी पडदा मागे सरकतो किंवा अतितापरोधक स्विच उडतो, ज्योत विझते आणि अंगावर गार पाणी येतं. मग दोष गीझरला दिला जातो.

जुळवणी अशी करावी. उन्हाळा-हिवाळ्याची कळ असेल तर ती उन्हाळ्यावर ठेवावी, त्यामुळे बर्नरच्या काही ओळी बंद राहतात. गॅसची कळ सर्वांत कमी आणि पाण्याची कळ सर्वांत जास्त प्रवाहावर. शॉवरची थंड बाजू पूर्ण बंद, गरम बाजू पूर्ण उघडी. अर्धा-एक मिनिट थांबून, पाणी स्थिर झालं की हात लावून पाहावा. कमी वाटलं तर गॅस थोडा वाढवावा, पुन्हा अर्धा मिनिट थांबावं. गॅस पूर्ण वाढवूनही पुरत नसेल तर कळ हिवाळ्यावर न्यावी, आणि तेही कमी पडलं तरच पाण्याचा प्रवाह घटवावा. थंड पाण्याचा थेंबही न मिसळता शॉवरखाली ४० ते ४२ अंश आले की कळांना हात लावू नये. ऋतू बदलला की पुन्हा एकदा जुळवावं, वर्षातून तीन-चार वेळा पुरे.

याचा फायदा फक्त गॅसपुरता नाही. उष्णता-अदलाबदलीच्या तांब्याच्या नळ्या कमी तापतात, म्हणून त्यांच्यात क्षार कमी बसतो आणि धुराबरोबर जाणारी उष्णताही घटते. भाजण्याचा धोकाही टळतो. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, ४२ अंशांचं भाजत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: नळ बंद करून मिनिटाभरात पुन्हा उघडला तर पहिला फवारा बराच गरम येतो, कारण नळ्यांत अडकलेलं पाणी तापलेल्या तांब्याची उष्णता पीत बसलेलं असतं. मुलांना आंघोळ घालताना हा पहिला फवारा जमिनीवर सोडावा.

अर्ध्या इंची नळीत मीटरमागे साधारण १३० ते १५० मिलिलिटर पाणी मावतं. गीझर १० मीटर दूर असेल तर प्रत्येक वेळी सुमारे दीड लिटर थंड पाणी आधी बाहेर पडतं आणि शेवटी तेवढंच तापलेलं पाणी नळीत निवत पडतं. हात धुण्यापुरता गरम नळ उघडणं म्हणजे गीझर पेटवून ते पाणी हातापर्यंत पोचू न देणं. म्हणून बेसिनच्या मिक्सरची दांडी कायम थंड बाजूला ठेवावी. एकामागून एक आंघोळी झाल्या तर नळीतली ही गळती एकदाच होते. गरम पाण्याच्या नळीवर ९ मि.मी. जाडीचं फोम जरूर चढवावं. लांब नळीत पाणी वाटेतच २-३ अंश गमावत असेल तर हेच त्यावरचं स्वस्त औषध आहे.

हवेचा हिशेब

इथे आम्ही कुठलीच सवलत देत नाही. एक किलो एलपीजी पुरता जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि अडीच मीटर उंच न्हाणीघरात हवा असते साडेसात घनमीटर. पूर्ण ज्योतीवर १० मिनिटांत सुमारे १६५ ग्रॅम गॅस जळतो आणि जवळपास २ घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपवतो. दार-खिडकी बंद असेल तर २१ टक्क्यांवरचा ऑक्सिजन १५-१६ टक्क्यांकडे घसरू लागतो. त्याआधीच ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळ, पायातलं बळ जाणं या खुणा माणूस वाफेच्या उकाड्यावर ढकलतो आणि तिथेच कोसळतो. कोणाला असं झालं तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावं आणि डॉक्टरांना गॅस गीझर चालू होता हे आवर्जून सांगावं, म्हणजे उपचाराला दिशा मिळते.

न्हाणीघरात एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, असं काहीजण सांगतात. हा सल्ला घातक आहे. फॅन खोलीतली हवा बाहेर ओढतो, खोलीत दाब कमी होतो आणि धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा आत खेचला जातो. वरच्या जाळीतून धूर तिथल्या तिथे सोडणारा साधा गीझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवरच हवा, पावसापासून आडोसा देऊन, खिडकीपासून आणि हवेच्या झरोक्यापासून दूर. काचा लावून बंद केलेली बाल्कनी मोकळ्या हवेत मोडत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा आणि तो माणसाच्या नाकाच्या उंचीला असावा, कारण हा वायू हवेइतकाच हलका असून सगळीकडे मिसळतो. गॅसगळतीचा अलार्म वेगळा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीजवळ लावतात. पाइपच्या नैसर्गिक वायूसाठी मात्र छताजवळ, कारण तो वर जातो. एका अलार्मने दुसऱ्याचं काम होत नाही.

ज्योतीकडे महिन्यातून एकदा तरी डोळे भरून पाहावं. ती निळी, ताठ आणि बुडाशी ठळक शंकूची असेल तर सगळं ठीक. टोकं पिवळी, लवलवती दिसली तर बर्नरमध्ये हवा कमी पडते आहे: आत धूळ किंवा कोळ्याचं जाळं, नाहीतर वरच्या पात्यांमध्ये काजळी. काजळी म्हणजे न जळलेला गॅस, आणि त्याच्यासोबत विषारी वायू. असा गीझर साफ होईपर्यंत चालवू नये.

नेहमीचे बिघाड

ठिणग्याच पडत नसतील तर आधी सेल बदलावेत, दोन्ही एकदम आणि अल्कलाइन. नवे सेल घालूनही मुकं असेल तर पडदा ताठरलेला किंवा मायक्रोस्विच गंजलेला असतो. ठिणग्या पडतात पण पेट घेत नाही, याचा अर्थ गॅस येत नाही किंवा नळीत हवा आहे. सिलिंडर बदलल्यावर दोन-तीन वेळा नळ उघडबंद करावा लागतो. पेटून चार-पाच सेकंदांत विझत असेल तर ज्योत ओळखणाऱ्या तारेवर थर बसलेला असतो. गॅस बंद करून, सेल काढून, बारीक पॉलिश पेपरने ती तार हलकेच घासली की काम होतं. ‘भप्’ असा आवाज करत पेटणं मात्र हसण्यावारी नेऊ नये. गॅस साठून मग पेट घेतो आहे: ठिणगीच्या तारेचं अंतर साधारण ४ मि.मी. च्या पुढे गेलेलं असतं, ती तार मळलेली असते, किंवा सेल उतरलेले असतात.

बरोबर २० मिनिटांनी बंद पडतो, हा बिघाड नव्हे. बऱ्याच मॉडेलांत सुरक्षेसाठी तसा टायमर असतो. नळ बंद करून उघडला की पुन्हा चालतो, पण तो टायमर काढून टाकायला कोणी सांगितलं तर ऐकू नये. झडपेखालून पाणी टपकत असेल तर पडदा फाटला आहे किंवा पिनेची सील गेली आहे. दोन्ही भाग स्वस्त आणि सहज मिळणारे. थंडीत लहान सिलिंडरवर ज्योत हळूहळू उतरत जाते, कारण तासाला एक किलो वायू सोडताना सिलिंडर स्वतःच गार होतो आणि आतलं द्रव पुरेशा वेगाने वायूत बदलत नाही. बाहेरून दव किंवा बर्फाचा थर दिसला तर हेच समजावं. सिलिंडर मोठा घ्यावा. गरम पाण्याने किंवा ज्योतीने तो तापवू नये.

एलपीजीचा गीझर नैसर्गिक वायूच्या पाइपला तसाच जोडता येत नाही. एलपीजी साधारण २८ ते ३० मिलिबारवर चालतो, नैसर्गिक वायू २० च्या आसपास, आणि दोघांच्या नोझलची भोकं वेगळी. एलपीजीच्या बारीक नोझलवर नैसर्गिक वायूची ज्योत केविलवाणी दिसते. उलट केलं तर ज्योत भडकून काजळी धरते. नोझलचा पूर्ण संच कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्यावा.

पाणी जड असेल तर तांब्याच्या नळ्यांत क्षार बसतोच. गीझर चालू असताना पाणी उकळल्यासारखा घरघर आवाज येणं आणि धार बारीक होत जाणं ही त्याची खूण. १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून बादलीतल्या छोट्या पंपाने ते नळ्यांमधून अर्धा-पाऊण तास फिरवावं. या वेळी गॅस बंद आणि सेल काढलेले. फेस येणं थांबलं की साध्या पाण्याने नीट धुवावं. फरशीचं ॲसिड वापरू नये, ते क्षाराबरोबर पितळ आणि डाग दिलेले सांधेही खातं. जिथे रात्री पाणी गोठतं तिथे वापरानंतर तळाच्या स्क्रूमधून गीझर रिकामा करावा, नाहीतर नळी फुटते.

पंख्याचा गीझर आणि बॉयलर

बाहेर जागाच नसेल तर साध्या गीझरचा हट्ट सोडून दुहेरी नळीचा, बंद बर्नरपेटीचा, पंख्याचा गीझर घ्यावा. तो एका नळीतून बाहेरची हवा आत घेतो आणि दुसरीतून धूर बाहेर टाकतो, खोलीतली हवा वापरतच नाही. त्यातला चांगला प्रकार ज्योत आपोआप लहानमोठी करतो: ४० वर नेमला की प्रवाह बदलला तरी पाणी ४० च्या आसपास राहतं. तोटा एवढाच की पंख्याला वीज लागते. जमत असेल तर आम्ही याच प्रकाराला पसंती देतो.

खोल्याही तापवायच्या असतील तर विषय कॉम्बी बॉयलरचा, म्हणजे आंघोळीचं पाणी आणि खोल्यांतल्या रेडिएटरमधून (भिंतीवरच्या तापणाऱ्या पॅनेलमधून) फिरणारं पाणी दोन्ही तापवणाऱ्या यंत्राचा. कंडेन्सिंग बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिची उष्णता परत घेतो, पण रेडिएटरमधून परतणारं पाणी ५५ अंशांखाली असेल तरच. पुष्कळ ठिकाणी बसवताना बॉयलरमधून रेडिएटरकडे निघणारं पाणी ७० ते ८० अंशांवर ठेवून देतात आणि कंडेन्सिंगचे पैसे फुकट जातात. ते ५५ ते ६० वर आणावं. कडाक्याच्या थंडीत खोली तापेनाशी झाली तरच थोडं चढवावं. गरम पाणी लगेच मिळावं म्हणून नळ्या सतत तापत्या ठेवणारी सोय असते, ती बंद केली की गॅस वाचतो, फक्त पाणी यायला थोडा वेळ जास्त लागतो. रेडिएटर वर गार आणि खाली गरम लागला तर आत हवा आहे: बॉयलर बंद करून, निवल्यावर, किल्लीने हवा काढावी आणि मग थंड अवस्थेत दाब १ ते १.५ बार आहे ना ते पाहावं. वरचेवर दाब उतरत असेल तर नुसतं पाणी भरत राहू नये, कुठेतरी गळती आहे किंवा विस्तारटाकीतली (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा गेली आहे.

साधा गीझर विकत घेताना दुकानात झाकण उघडून दाखवायला सांगावं. उष्णता-अदलाबदलीचा भाग पूर्ण तांब्याचा आहे का, नळ्यांच्या बाहेरून अतितापरोधक स्विच चिकटवलेला आहे का, दाब मुक्त करणारी झडप आहे का, ज्योत ओळखणारी तार वेगळी आहे का, हे डोळ्यांनी पाहावं. ऑक्सिजन कमी झाल्यावर गॅस तोडणारा सेन्सर असेल तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर गीझर न्हाणीघरात लावू नये. पडदा, मायक्रोस्विच आणि मॉड्यूल हे तीन भाग सुटे मिळतात का, हेही विचारून घ्यावं. मिळत नसतील तर दुसरं मॉडेल पाहावं.